अणू आणि त्याचे केंद्रक यांचे प्रमाणबद्ध प्रारूप मैदानावर कसे आखावे

शालेय पुस्तकातील अणूच्या आकृतीत मधोमध एक ठळक गोळा असतो आणि त्याभोवती दोन-तीन वर्तुळांवर इलेक्ट्रॉन मांडलेले असतात. कोणता कण कुठे असतो हे सांगण्यापुरती ती आकृती उपयोगी आहे, परंतु आकाराच्या बाबतीत ती पूर्णपणे दिशाभूल करते. आकृतीतील केंद्रक एक सेंटिमीटर व्यासाचे धरले, तर अणूची कड त्या पानावर, बाकावर किंवा वर्गातही मावणार नाही. सोन्याच्या अणूसाठी व्यास सुमारे २०० मीटर आणि ॲल्युमिनियमच्या अणूसाठी सुमारे ४०० मीटर घ्यावा लागेल. ‘अणू केंद्रकापेक्षा लाखपट मोठा असतो’ हे वाक्य पाठ करून घेण्याऐवजी विद्यार्थ्यांनी ते प्रमाण स्वतः काढावे आणि शाळेच्या मैदानावर फक्कीने आखून पाहावे, यासाठी हा लेख लिहिला आहे. लाखपट हा आकडा ढोबळ आहे आणि प्रत्येक मूलद्रव्यासाठी खरे प्रमाण वेगळे येते, हे आखणी करताना आपोआप ध्यानात येईल. माझ्या मते या साऱ्या खटाटोपातून शिकण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे.

लागणारे साहित्य साधे आहे: ३० किंवा ५० मीटरची मोजफीत, फक्की, खुंटी, मिलिमीटरच्या खुणा असलेली पोलादी पट्टी, मोहरी, साबुदाणा, रवा, एक पांढरा आणि एक काळा कार्डबोर्ड आणि घनमूळ काढता येईल असा गणकयंत्र असलेला मोबाइल. शाळेच्या प्रयोगशाळेत व्हर्निअर कॅलिपर असेल तर तोही जवळ ठेवावा.

पहिली पायरी: अणूचा व्यास स्वतः काढणे

पुस्तकातला आकडा उचलण्यापेक्षा घनतेवरून अणूचा आकार काढणे अधिक समाधानाचे असते, कारण त्यासाठी घनता, अणुवस्तुमान आणि ॲव्होगॅड्रो अंक या तीनच गोष्टी लागतात. सोन्याची घनता दर घन सेंटिमीटरला १९.३ ग्रॅम आणि अणुवस्तुमान १९७ आहे. म्हणजे १९७ ग्रॅम सोने १९७ भागिले १९.३, अर्थात १०.२ घन सेंटिमीटर जागा व्यापते, आणि तेवढ्या सोन्यात ६.०२२ गुणिले १० चा २३वा घात इतके अणू असतात. एक घन सेंटिमीटर म्हणजे १० चा २१वा घात इतके घन नॅनोमीटर. त्यामुळे घात एकमेकांना उडवून टाकता येतात आणि १०.२ ला ६०२.२ ने भागले की एका अणूच्या वाट्याची जागा थेट घन नॅनोमीटरमध्ये मिळते: ०.०१६९. हिचे घनमूळ ०.२५७ येते.

अणू घनाकृती डब्यांसारखे एकावर एक रचलेले असते तर हेच उत्तर अंतिम ठरले असते. प्रत्यक्षात सोने, चांदी, तांबे आणि ॲल्युमिनियम या धातूंत ते सर्वांत दाट रचनेत बसलेले असतात, त्यामुळे शेजारच्या दोन अणूंच्या मध्यबिंदूंमधील अंतर या घनमुळाच्या १.१२२ पट भरते. म्हणून सोन्याच्या अणूचा व्यास ०.२८८ नॅनोमीटर, म्हणजे २८८ पिकोमीटर ठरतो. साध्या तापमानाच्या लोखंडात रचना थोडी सैल असल्याने तिथे १.१२२ ऐवजी १.०९१ ने गुणावे लागते.

आता हेच गणित ॲल्युमिनियमसाठी करावे. घनता २.७० आणि अणुवस्तुमान २६.९८ असल्याने भागाकार जवळजवळ १० येतो, त्यावरून घनमूळ ०.२५५ आणि व्यास २८६ पिकोमीटर. इथे क्षणभर थांबून विद्यार्थ्यांना दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी लिहायला सांगावीत. सोन्याचा अणू ॲल्युमिनियमच्या अणूपेक्षा सातपटीहून अधिक जड असतो, पण आकाराने तो जवळपास तेवढाच आहे. सोन्यात ७९ इलेक्ट्रॉन असतात आणि ॲल्युमिनियममध्ये केवळ १३. तरीही सोन्याच्या केंद्रकाचा धनप्रभार इतका जास्त असतो की तो आतल्या कवचांना जवळ ओढून घेतो आणि बाहेरची कड फारशी पसरत नाही.

दुसरी पायरी: केंद्रकाचा व्यास

केंद्रकासाठी एक सोपे सूत्र पुरते. केंद्रकाची त्रिज्या फेम्टोमीटरमध्ये हवी असेल तर अणुवस्तुमानांकाचे घनमूळ काढून त्याला १.२ ने गुणावे. एक पिकोमीटर म्हणजे १,००० फेम्टोमीटर. ॲल्युमिनियमच्या केंद्रकात १३ प्रोटॉन आणि १४ न्यूट्रॉन असे २७ कण असतात. २७ चे घनमूळ नेमके ३, म्हणून त्रिज्या ३.६ आणि व्यास ७.२ फेम्टोमीटर. सोन्याच्या केंद्रकात ७९ प्रोटॉन आणि ११८ न्यूट्रॉन मिळून १९७ कण असतात, घनमूळ ५.८२, त्रिज्या सुमारे ७ आणि व्यास सुमारे १४ फेम्टोमीटर.

हे सूत्र हवेतून आलेले नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९५० च्या दशकात रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी अतिशय वेगवान इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या केंद्रकांवर सोडून, ते कोणत्या कोनात किती विखुरले जातात यावरून केंद्रकांचा आकार आणि आतील प्रभाराची वाटणी मोजली. या कामासाठी त्यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. केंद्रकाची कडदेखील गोटीसारखी कापलेली नसते आणि सुमारे अडीच फेम्टोमीटर जाडीच्या थरात घनता उतरत जाते, हेही त्या मोजणीतून स्पष्ट झाले. म्हणून १.२ हा गुणक सोयीचा, पूर्णांकित केलेला समजावा आणि उत्तरात दशांश चिन्हापुढे फार अंक लिहू नयेत.

हायड्रोजनचे केंद्रक म्हणजे एकटा प्रोटॉन, आणि त्याला हे सूत्र लावणे योग्य नाही. त्याची मोजलेली त्रिज्याच घ्यावी. ती सुमारे ०.८४ फेम्टोमीटर आहे. २०१० पर्यंत ०.८८ च्या आसपासचा आकडा मानला जात होता, परंतु स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्थेत इलेक्ट्रॉनच्या जागी म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण बराच जड कण) असलेल्या हायड्रोजनवर केलेल्या मोजणीत लहान आकडा आला आणि भौतिकशास्त्रज्ञांना पुढे बराच काळ या तफावतीने कोड्यात टाकले.

आता भागाकार करावेत. मात्र त्याआधी दोन्ही माप एकाच एककात आणावे आणि व्यासाला व्यासानेच भागावे. एका बाजूला त्रिज्या आणि दुसऱ्या बाजूला व्यास घेतल्याने उत्तर दुप्पट किंवा निम्मे येण्याची चूक वर्गात सर्रास दिसते. ॲल्युमिनियमसाठी २,८६,००० भागिले ७.२, म्हणजे जवळपास ४०,००० पट. सोन्यासाठी २,८८,००० भागिले १४, म्हणजे सुमारे २०,५०० पट. हायड्रोजनच्या अणूचा व्यास बोर त्रिज्येच्या (इलेक्ट्रॉन केंद्रकापासून ज्या अंतरावर सापडण्याची शक्यता सर्वाधिक असते त्या अंतराच्या) दुप्पट, म्हणजे १०६ पिकोमीटर धरला तर १,०६,००० भागिले १.६८, अर्थात सुमारे ६३,००० पट. तिन्हींपैकी एकही प्रमाण नेमके एक लाख नाही.

तिसरी पायरी: प्रमाण ठरवणे

प्रमाण असे निवडावे की सर्वांत लहान वस्तू डोळ्यांना दिसेल आणि सर्वांत मोठी मैदानात मावेल. एक पिकोमीटर म्हणजे २५ सेंटिमीटर हे प्रमाण मला सर्वांत सोयीचे वाटते, कारण मग एक फेम्टोमीटर म्हणजे पाव मिलिमीटर होतो आणि आकडेमोड तोंडी करता येते. हे २५ हजार कोटी पट वर्धन आहे.

या प्रमाणात ॲल्युमिनियमचे केंद्रक १.८ मिलिमीटर व्यासाचे होते, म्हणजे मोहरीचा मध्यम दाणा. त्याचा अणू ७१.५ मीटर व्यासाचा होतो. सोन्याचे केंद्रक ३.५ मिलिमीटर, म्हणजे कच्च्या साबुदाण्याचा दाणा, आणि अणू ७२ मीटर. हायड्रोजनचा प्रोटॉन ०.४२ मिलिमीटर, म्हणजे रव्याचा एक कण, आणि अणू २६.५ मीटर. खो-खोचे मैदान २७ मीटर लांब असते, त्यामुळे ते आधीच आखलेले असेल तर हायड्रोजनसाठी वेगळे मोजमाप करण्याची गरजही उरत नाही: मैदानाच्या लांबीच्या मध्यावर रव्याचा कण ठेवावा आणि दोन्ही टोकांच्या रेषा अणूची कड समजाव्यात. प्रोटॉनच्या त्रिज्येबद्दलची वर सांगितलेली तफावत या प्रारूपात रव्याच्या कणाच्या व्यासात ०.०२ मिलिमीटर इतका फरक पाडते; मोजणी किती बारकाईची होती याची कल्पना त्यावरून यावी.

दाणे डोळ्यांच्या अंदाजाने निवडू नयेत. मोहरीचे दहा दाणे पोलादी पट्टीच्या कडेला एकमेकांना चिकटवून ओळीत लावावेत आणि एकूण लांबीला दहाने भागावे. १८ मिलिमीटरच्या जवळ लांबी भरली की त्यांतला कोणताही दाणा चालेल. बाजारात साबुदाणा लहान-मोठा मिळतो, म्हणून तो कॅलिपरने पाहून निवडावा. रव्यासाठी बारीक चाळणीतून खाली पडलेला नव्हे, तर चाळणीवर उरलेला कण घ्यावा. मोहरी पांढऱ्या कार्डबोर्डवर, तर साबुदाणा आणि रवा काळ्या कार्डबोर्डवर चिकटवावा.

चौथी पायरी: मैदानावरची आखणी

मैदानाच्या मध्यावर खुंटी ठोकून तिच्यापासून आठ दिशांना ३६ मीटर अंतर मोजावे आणि प्रत्येक ठिकाणी फक्कीची खूण करावी, मग या खुणा वळणदार रेषेने जोडाव्यात. सुतळीने वर्तुळ काढण्याचा मोह टाळावा, कारण एवढ्या लांबीची सुतळी ओढली की ताणली जाते आणि वर्तुळ लांबट होते. ॲल्युमिनियम आणि सोने यांच्या वर्तुळांच्या व्यासात केवळ अर्ध्या मीटरचा फरक पडतो, म्हणून दोन्हींसाठी एकच वर्तुळ पुरते. आधी मध्यावर मोहरी ठेवून पाहावी आणि मग तिच्या जागी साबुदाणा ठेवावा.

बहुतेक शाळांची मैदाने एवढी मोठी नसतात. अशा वेळी केंद्रक मैदानाच्या कोपऱ्यात ठेवून वर्तुळाचा चौथा भागच आखावा. त्यासाठी ३६ बाय ३६ मीटरचा चौरस पुरतो. प्रमाण निम्मे करणे हा दुसरा मार्ग आहे, पण मग मोहरीच्या जागी एक मिलिमीटरहून लहान दाणा येतो आणि रव्याच्या कणाचे काय करावे हा प्रश्न पडतो, म्हणून मी पाव वर्तुळच पसंत करेन.

आखणी झाली की विद्यार्थ्यांना मध्यापासून कडेकडे मागे मागे चालत जायला सांगावे आणि मोहरीचा दाणा दिसेनासा होईल तिथे उभे राहायला सांगावे. निरोगी डोळ्याला साधारण साडेतीन मीटरवरून एक मिलिमीटर अंतरावरचे दोन ठिपके जेमतेम वेगळे दिसतात. त्यामुळे सारी मुले कडेला पोहोचण्याच्या बरेच आधी थांबलेली असतील. त्यांच्या पाठीमागे फक्कीच्या रेषेपर्यंत जी मोकळी जागा उरते, तीही अणूच्या आतलीच आहे, हे त्या क्षणी सांगावे. फळ्यावर लिहून ते असे पोहोचत नाही.

इलेक्ट्रॉन कुठे ठेवायचे?

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की इलेक्ट्रॉनसाठी एकही दाणा ठेवू नये. त्याला आकार आहे असे कोणत्याही प्रयोगात आढळलेले नाही, आणि तो ठराविक वर्तुळावरून ग्रहासारखा फिरत असतो हे चित्र १९२० च्या दशकातच मागे पडले. इलेक्ट्रॉन संपूर्ण वर्तुळाच्या आत आणि काहीसा बाहेरही पसरलेला असतो. अमुक जागी तो सापडण्याची शक्यता किती, एवढेच सांगता येते.

म्हणूनच फक्कीची रेषा ही अणूची भिंत नव्हे. हायड्रोजनसाठी आपण बोर त्रिज्येचे, म्हणजे २६.५ मीटर व्यासाचे वर्तुळ घेतले, पण त्या त्रिज्येच्या गोलात इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता फक्त ३२ टक्के असते. ती ९० टक्के हवी असेल तर त्रिज्या २.६६ पट करावी लागते, म्हणजे रव्याच्या त्याच कणाभोवती सुमारे ७० मीटर व्यासाचे वर्तुळ काढावे लागते, आणि मग प्रमाण ६३,००० वरून १,६७,००० पटीवर जाते. कार्बनच्या बाबतीतही असेच होते. बंधात गुंतलेल्या कार्बनचा व्यास १५४ पिकोमीटर, तर बंध नसलेल्या शेजाऱ्याला तो जिथपर्यंत येऊ देतो त्यावरून काढलेला व्यास ३४० पिकोमीटर मानला जातो. केंद्रक तेच, साडेपाच फेम्टोमीटरचे. तेव्हा कुणी विचारले की अणू केंद्रकाच्या किती पट मोठा, तर आधी कोणता अणू आणि मग कड कुठे धरली, हे दोन उलट प्रश्न विचारायला मुलांना शिकवावे. धातूंची निवड मी याच कारणाने केली, कारण शेजारच्या दोन अणूंमधील अंतर हे तिथे सरळ मोजता येणारे माप असते.

‘अणू म्हणजे बहुतांशी पोकळी’ हे वाक्यदेखील जपून वापरावे. वस्तुमानाच्या दृष्टीने ते खरे आहे, कारण सोन्याच्या अणूचे ९९.९७ टक्क्यांहून अधिक वस्तुमान साबुदाण्याएवढ्या जागेत असते. परंतु इलेक्ट्रॉनांचा पसारा ती सारी जागा व्यापून असतो, आणि दोन इलेक्ट्रॉनांना एकच स्थिती घेता येत नसल्यामुळेच एक अणू दुसऱ्यात घुसत नाही.

रुदरफोर्ड यांचा पत्रा त्याच प्रमाणात

मँचेस्टरमध्ये हान्स गायगर आणि अर्नेस्ट मार्सडेन यांनी १९०९ मध्ये धातूंच्या पातळ पत्र्यांवर अल्फा कण (म्हणजे हेलियमची केंद्रके) सोडले आणि त्यांतले अगदी थोडे कण मोठ्या कोनात वळल्याचे पाहिले. अर्नेस्ट रुदरफोर्ड यांनी १९११ च्या आपल्या शोधनिबंधात याचा अर्थ लावला आणि त्यात सोन्याच्या ०.००००४ सेंटिमीटर जाडीच्या पत्र्यासाठी सुमारे २०,००० पैकी एक कण सरासरी ९० अंशांत वळतो, असा आकडा दिला. आपल्या प्रमाणात हा पत्रा किती जाड होतो ते मुलांकडून काढून घ्यावे. उत्तर १०० किलोमीटर येते, म्हणजे पुण्यापासून सरळ रेषेत साताऱ्याच्या थोडे पुढे. त्या सबंध अंतरात दर ७२ मीटरवर साबुदाण्याचा एकेक दाणा तरंगत आहे, आणि ज्या अल्फा कणाला त्यातून पार जायचे आहे तो मोहरीहूनही लहान आहे, अशी कल्पना करायची आहे.

इथे एक छोटे गणित जरूर करावे. पत्र्यात सुमारे १,५५० थर धरले आणि प्रत्येक थरात केंद्रकाने अडवलेल्या क्षेत्रफळाचा वाटा काढला, तर समोरासमोर टक्कर होण्याची शक्यता जवळपास पावणेतीन लाखांत एक एवढीच येते. मग प्रयोगात वीस हजारांत एक कसा? कारण वळण्यासाठी अल्फा कणाने केंद्रकाला स्पर्श करण्याची गरजच नसते. दोघांवरही धनप्रभार असल्याने प्रतिकर्षण दुरूनच सुरू होते. त्या काळच्या प्रयोगांत वापरला जाणारा ७.७ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा वेगवान अल्फा कण नेमका केंद्रकाच्या रोखाने गेला, तरी तो सोन्याच्या केंद्रकाच्या मध्यापासून सुमारे ३० फेम्टोमीटरवर थांबून परत फिरतो. मैदानावर हे अंतर ७.५ मिलिमीटर आहे, तर साबुदाण्याची त्रिज्या पावणेदोन मिलिमीटर. म्हणजे रुदरफोर्ड यांच्या प्रयोगाने सोन्याच्या केंद्रकाचा आकार मोजला असे म्हणणे बरोबर नाही. केंद्रक याहून मोठे असू शकत नाही, ही वरची मर्यादा त्याने दिली. ॲल्युमिनियमवर प्रभार कमी असल्याने तिथे अल्फा कण ५ फेम्टोमीटरच्या आसपास पोहोचू शकतो, आणि १९२० च्या दशकात केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत अशा हलक्या केंद्रकांवरच केवळ विद्युत प्रतिकर्षण धरून मांडलेल्या रुदरफोर्ड यांच्या विखुरण्याच्या सूत्रापासून ढळणारी निरीक्षणे मिळाली, कारण कण तिथे खऱ्या अर्थाने केंद्रकाला भिडत होते.

पडताळा

आकडे बरोबर आले का, हे तपासण्यासाठी केंद्रकाची घनता काढावी. सोन्याच्या एका अणूच्या वाट्याची जागा तिथल्या केंद्रकाच्या घनफळाच्या सुमारे ११.८ लाख कोटी पट असते, तिला १९.३ ने गुणले की केंद्रकाची घनता मिळते. ॲल्युमिनियममध्ये हीच पट सुमारे ८५ लाख कोटी असते आणि तिला २.७० ने गुणायचे. दोन्ही उत्तरे जवळपास सारखी यायला हवीत: दर घन सेंटिमीटरला सुमारे २३ कोटी टन. तशी ती आली नाहीत तर बहुधा कुठेतरी व्यास आणि त्रिज्या यांची अदलाबदल झालेली असते. हा पडताळा केंद्रकाचे सूत्र तपासत नाही, फक्त आपली आकडेमोड तपासतो. कारण प्रोटॉन आणि न्यूट्रॉन सर्व केंद्रकांत जवळपास सारख्याच दाटीने बसतात, हेच निरीक्षण घनमुळाच्या रूपाने त्या सूत्रात आधीच आलेले आहे.

सरावासाठी तांबे द्यावे: घनता ८.९६, अणुवस्तुमान ६३.५ आणि गुणक १.१२२. उत्तर सुमारे २५५ पिकोमीटरचा अणू, ९.६ फेम्टोमीटरचे केंद्रक आणि २६,६०० च्या जवळपास प्रमाण असे यावे, म्हणजे मैदानावर जवळपास ६४ मीटरच्या वर्तुळात २.४ मिलिमीटरचा दाणा. त्यासाठी बारीक साबुदाणा निवडावा लागेल.